बालरोगमार्गदर्शिकेची भाषा आणि डॉक्टरांचे ऑनलाइन शिक्षण

वैद्यकीय शिक्षणातील एका प्रश्नाची चर्चा भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांपुढे का मांडावी, ह्याचे उत्तर एका साध्या वाक्याने देता येईल. 'बाळ दूध पीत नाही,' असे आई डॉक्टरांना सांगते. ह्या वाक्याचे किमान तीन अर्थ संभवतात. बाळ नेहमीपेक्षा कमी पिते, हा एक. नाक चोंदल्यामुळे ते पिता पिता मध्येच सोडते, हा दुसरा. आणि तोंडाशी धरले तरी ओढण्याचे किंवा गिळण्याचे त्राणच त्याच्यात उरलेले नाही, हा तिसरा. पहिल्या दोन अर्थी बाळाची व्यवस्था बहुधा घरी करता येते. तिसऱ्या अर्थी त्याला विनाविलंब रुग्णालयात हलविले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत ते धोक्याचे लक्षण म्हणून गणले आहे. म्हणूनच ती मार्गदर्शिका डॉक्टरला आईच्या वाक्यावर थांबू देत नाही. उत्तराविषयी शंका असेल तर आईला समोर बाळास पाजावयास सांगावे, नाक चोंदले असल्यास ते साफ करून पुन्हा पाजावयास सांगावे, आणि काय घडते ते स्वतः पाहावे, असा तिचा दंडक आहे. अर्थनिर्णयाची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. शब्दाने अर्थ निश्चित होत नसेल, तर वस्तूकडे बोट दाखवावे लागते.

ही मार्गदर्शिका, तिचे डॉक्टरांना दिले जाणारे शिक्षण आणि ते शिक्षण संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर आल्यापासून त्यात काय साधले व काय निसटले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. जे निसटले त्यातील मोठा भाग वैद्यकीय नसून भाषिक आहे, असे मला वाटते.

प्रथम मार्गदर्शिकेविषयी. गेल्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत अतिसार, श्वसनरोग, हिवताप, गोवर व कुपोषण ह्यांच्यासाठी निरनिराळे कार्यक्रम आणि निरनिराळ्या सूचना होत्या. परंतु दवाखान्यात येणारे मूल कार्यक्रमवार येत नाही. एकाच मुलाला खोकला, जुलाब आणि ताप असतो, आणि ते कुपोषितही असते. ह्या अनुभवातून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांनी १९९५ च्या सुमारास बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाची मार्गदर्शिका तयार केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती 'आय.एम.सी.आय.' ह्या नावाने ओळखली जाते. भारताने तिचे रूपांतर करताना नवजात बालकांचा, अगदी पहिल्या आठवड्यातील अर्भकांचाही, अंतर्भाव केला आणि नावात 'एन' हे अक्षर वाढविले. जगात पाच वर्षांखालील बालकांचे मृत्यू १९९० मध्ये सव्वा कोटीच्या घरात होते. २०२२ मध्ये ते सुमारे ४९ लाख होते. ह्या घटीचे श्रेय अर्थातच एकट्या मार्गदर्शिकेचे नाही. लसी, पाणी, आहार, मातांचे शिक्षण, रस्ते, असे अनेक वाटेकरी आहेत. तथापि हरियाणातील फरिदाबाद जिल्ह्यात अठरा प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत, भारतीय रूपांतराचा अवलंब केलेल्या क्षेत्रांत अर्भकमृत्यूंचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी आढळले, हे नमूद केले पाहिजे. तेथे केवळ डॉक्टरांना शिकविले नव्हते. घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्या आणि औषधांचा पुरवठा ह्यांचीही व्यवस्था केली होती.

आता मार्गदर्शिकेच्या घडणीकडे वळू. बाह्यतः ती तक्त्यांची एक पुस्तिका आहे. प्रत्येक तक्त्याच्या डाव्या बाजूस 'विचारा' आणि 'पाहा, ऐका, स्पर्श करा' अशी आज्ञार्थी क्रियापदे, मध्ये लक्षणांची जुळणी, उजवीकडे उपचार. तक्त्याच्या ओळी तीन रंगांच्या: गुलाबी म्हणजे तातडीने रुग्णालयात, पिवळा म्हणजे दवाखान्यातून औषध देऊन घरी, हिरवा म्हणजे घरगुती काळजी व सल्ला. वाचनाचा नियम असा, की वरच्या गुलाबी ओळीपासून आरंभ करावा, लक्षणे जुळली की तेथेच थांबावे, आणि न जुळल्यासच खालच्या ओळीवर उतरावे. एका तक्त्यातून मुलाला एकच संज्ञा मिळते. पाणिनीय परंपरेत वाढलेल्या वाचकाला येथे उत्सर्ग आणि अपवाद ह्यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. विशेष नियम लागू पडला की सामान्य नियमाला तेथे वाव उरत नाही, आणि नियमांचा परस्परसंबंध हा नियमांच्या शब्दांइतकाच महत्त्वाचा ठरतो. मार्गदर्शिकेचे पुष्कळ चुकीचे प्रयोग हे लक्षण न ओळखल्यामुळे होत नाहीत, तर तक्ता खालून वर वाचल्यामुळे होतात. खोकला आहे, ताप साधा दिसतो, तेव्हा सर्दीच असणार, असा निष्कर्ष आधी काढावयाचा आणि त्याला पुष्टी देणारी लक्षणे मागाहून वेचावयाची, ही ती उलटी वाट होय.

दुसरी गोष्ट संज्ञेची. मार्गदर्शिका 'निदान' हा शब्द कटाक्षाने टाळते आणि 'वर्गीकरण' म्हणते. एम.बी.बी.एस.च्या शिक्षणात डॉक्टर रोगाचे नाव शोधावयास शिकतो. त्यासाठी स्टेथोस्कोप, रक्ततपासणी व क्ष-किरण ही साधने त्याच्या हाती असतात. मार्गदर्शिकेला रोगाच्या नावाशी फारसे कर्तव्य नाही; पुढे काय करावयाचे, एवढ्यापुरतेच मुलांचे गट पाडावयाचे असतात. 'न्यूमोनिया' ही तिच्या तक्त्यातील संज्ञा क्ष-किरणाच्या पडद्यावर दिसणाऱ्या न्यूमोनियाशी समव्याप्त नाही. श्वास ठराविक मर्यादेपेक्षा जलद चालतो, तस्मात् ह्या मुलाला प्रतिजैविक द्यावे, एवढाच तिचा आशय. सर्वपरिचित शब्दाला अशी नवी व्याख्या दिली की जुना अर्थ वारंवार डोके वर काढतो. 'छाती तर स्वच्छ आहे, मग न्यूमोनिया कसा?' हा अनुभवी डॉक्टरांचा आक्षेप तेथूनच उद्भवतो. तो अज्ञानाचा आक्षेप नव्हे. तो दोन परिभाषांचा संघर्ष आहे.

श्वास मोजण्याचा नियम कोठून आला, हे थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. क्ष-किरणयंत्र नाही, डॉक्टर नाही, अशा ठिकाणी कोणत्या साध्या खुणांवरून न्यूमोनिया ओळखावा, हा त्यांचा प्रश्न होता. १९८८ मध्ये वेल्लोर येथील संशोधकांनी भारतीय मुलांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि वयानुसार श्वासगतीच्या निरनिराळ्या मर्यादा असाव्यात, ह्या विचाराला बळ मिळाले. आज ज्या मर्यादा शिकविल्या जातात त्या अशा: दोन महिन्यांखालील अर्भकास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांच्या बालकास ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलास ४० किंवा अधिक. मोजणी पूर्ण एक मिनिट करावी, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, आणि मूल शांत असताना करावी. 'जलद श्वास' हा बोलीभाषेतील सैल शब्द येथे अंकांनी बांधला गेला. स्टेथोस्कोपने ऐकलेल्या आवाजांबाबत दोन डॉक्टरांचे एकमत होणे अवघड. अंकाबाबत ते सोपे. सर्वच लक्षणांना मात्र अंकांची बैठक देता येत नाही. जुलाबाच्या तक्त्यात पोटाच्या कातडीचा चिमटा सोडल्यावर ती 'फार सावकाश' पूर्ववत होते, म्हणजे दोन सेकंदांपेक्षा अधिक वेळ लागतो, असे सांगता येते. परंतु 'सावकाश' म्हणजे किती? 'डोळे खोल गेलेले' म्हणजे कितपत खोल? येथे मार्गदर्शिका पुन्हा आईकडेच वळते: डोळे नेहमीपेक्षा निराळे दिसतात का, हे तिलाच विचारावे, असे ती सांगते.

ह्या परिभाषेचे शिक्षण पूर्वी कसे होत असे? मूळ शिक्षणक्रम अकरा दिवसांचा. जवळजवळ एक-तृतीयांश वेळ रुग्णालयात प्रत्यक्ष आजारी मुले तपासण्यासाठी राखून ठेवलेला. उरलेल्या वेळात पाठ, छायाचित्रांची पुस्तिका, ध्वनिचित्रफिती आणि आईशी बोलण्याचे सराव. हा शिक्षणक्रम खर्चिक होता. अकरा दिवस दवाखाना बंद ठेवून किंवा दुसऱ्यावर सोपवून डॉक्टराने जिल्ह्याच्या गावी जाऊन राहावयाचे, ही गोष्ट अनेक देशांना झेपली नाही. बांगलादेश, ब्राझील, पेरू, टांझानिया व युगांडा ह्या पाच देशांत मार्गदर्शिकेचे जे मोठे मूल्यमापन झाले, त्यातही शिक्षण सर्वांपर्यंत पोचविण्याची ही अडचण स्पष्ट झाली. मग अवधी कमी करण्याचे प्रयत्न झाले. त्यांच्या तौलनिक अभ्यासात आखूड शिक्षणक्रमापेक्षा पूर्ण अवधीचा शिक्षणक्रम काहीसा अधिक परिणामकारक दिसला. फरक नेमका किती, हे मात्र निश्चित करता आले नाही.

ऑनलाइन शिक्षणाची कल्पना ह्या कोंडीतून पुढे आली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने एका औषधनिर्मात्या कंपनीच्या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने 'आयकॅट' नावाची संगणकप्रणाली सिद्ध केली. तिच्यात प्रत्येक देशाला आपल्या धोरणानुसार तक्ते बदलता येतील आणि आपल्या भाषेत घालता येतील, अशी योजना होती. २०१४ मध्ये स्वाध्यायाचा दूरशिक्षणक्रम आला. त्यात घरी वाचन, अधूनमधून प्रत्यक्ष भेटी आणि आपल्याच दवाखान्यात तपासलेल्या मुलांची नोंदवही, अशी त्रिविध रचना होती. पुढे २०२० च्या महामारीत एकत्र जमणेच अशक्य झाले, आणि तोपर्यंत पर्याय म्हणून असलेली रीत काही काळ एकमेव रीत होऊन बसली. भारत सरकारने आरोग्यसेवकांच्या शिक्षणासाठी 'दीक्षा' ह्या मंचाचा उपयोग केला तो त्याच वर्षी.

ह्या पद्धतीची निंदा करण्याची एक चाल आहे. ती मला मान्य नाही. काही गोष्टी पडदा खरोखर अधिक चांगल्या शिकवितो. छाती आत ओढली जाणे, हे लक्षण घ्या. मूल श्वास आत घेते तेव्हा छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत जातो. केवळ बरगड्यांमधील किंवा गळपट्टीच्या हाडावरील भाग आत जात असेल तर ते हे लक्षण नव्हे. रडताना किंवा पिताना दिसले तर ते धरू नये. मूल शांत असतानाही सतत दिसले पाहिजे. एवढ्या अटी शब्दांत वाचून कोणाच्याही डोळ्यांपुढे चित्र उभे राहणार नाही. रुग्णालयातील वर्गात त्या दिवशी असे मूल दाखल असेल तर ते दिसते, नाही तर नाही. ध्वनिचित्रफितीत ते हवे तितक्या वेळा, संथ गतीने, लक्षण असलेल्या आणि नसलेल्या मुलांची जोडी लावून दाखविता येते. स्वनविज्ञानाच्या वर्गात आपण अल्पप्राण आणि महाप्राण ध्वनींच्या जोड्या ऐकवितो, त्याच तत्त्वाचा हा प्रयोग होय. भेद कळावयाचा तर दोन टोके शेजारी ठेवावी लागतात. श्वास मोजण्याच्या सरावाचेही तसेच. चित्रफितीतील मुलाचे श्वास मिनिटभर मोजावे, आकडा लिहावा, आणि खरा आकडा लगेच ताडून पाहावा. खऱ्या मुलाजवळ असा पडताळा सहसा मिळत नाही.

परंतु ऑनलाइन शिक्षणक्रमाच्या शेवटी जी परीक्षा येते ती बहुधा पर्यायी प्रश्नांची असते. 'नऊ महिन्यांचे मूल, श्वास मिनिटाला ५४, छाती आत ओढली जात नाही, धोक्याचे लक्षण नाही. वर्गीकरण कोणते?' चार पर्यायांतील एकावर खूण करावयाची. ह्या प्रश्नात वयही दिलेले आहे, मोजणीही झालेली आहे आणि शांत मुलाकडे पाहून निर्णयही कोणीतरी करून ठेवला आहे. डॉक्टरला उरते ते फक्त तक्त्याचे वाचन. ज्या ठिकाणी चूक होण्याचा संभव अधिक, तेथवरचा सारा रस्ता प्रश्नकर्त्याने आधीच चालून दिलेला असतो. भाषेच्या परीक्षेत रिकाम्या जागा भरून घ्याव्या आणि तेवढ्यावरून विद्यार्थ्याला बोलता येते असा दाखला द्यावा, तसे हे आहे.

जाणणे आणि करणे ह्यांतील अंतराचा भारतात चांगला अभ्यास झालेला आहे. दिल्लीतील डॉक्टरांविषयी जिष्णू दास व जेफ्री हॅमर ह्यांनी २००७ मध्ये जे संशोधन मांडले, त्यात डॉक्टरांना काल्पनिक रुग्णाविषयी प्रश्न विचारून त्यांचे ज्ञान आजमावले आणि नंतर दवाखान्यात बसून त्यांचे प्रत्यक्ष वर्तन टिपले. जेवढे ते जाणत होते, त्याहून ते कमी करीत होते. बिहारच्या ग्रामीण भागातील २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बालकांचा अतिसार व न्यूमोनिया हेच विषय होते, आणि तेथे सोंग घेतलेले नातलग पाठवून प्रत्यक्ष वर्तन पाहिले. ज्ञान मुळात तोकडे. कृती त्याहूनही तोकडी. अतिसारावर जलसंजीवनी द्यावी, असे जे प्रश्नोत्तरात सांगत, त्यांतील पुष्कळांच्या चिठ्ठीवर प्रत्यक्षात भलतीच औषधे उमटत.

चॉम्स्की ह्यांनी १९६५ मध्ये भाषिक क्षमता आणि भाषिक प्रयोग असा जो भेद केला, तो येथे सहज आठवतो. संज्ञा मी शिथिलपणे वापरीत आहे, ह्याची मला जाणीव आहे; चॉम्स्कींची क्षमता म्हणजे पाठ केलेले ज्ञान नव्हे. तरीही तुलना काही अंशी उपयुक्त ठरते. प्रयोगातील उणिवा क्षमतेच्या अभावानेच होतात असे नाही. थकवा, घाई, ऐकणाऱ्याची अपेक्षा, ह्यांनीही त्या होतात. सकाळच्या तीन तासांत सत्तर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टराला एका मुलाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजावयास सांगणे सोपे, त्याने मोजणे कठीण. सुई दिली नाही तर पालक दुसरीकडे जातात, ही भीती कोणत्याही शिक्षणक्रमाने जात नाही. २०१८ च्या एका कॉक्रेन समीक्षेत आरोग्य-व्यावसायिकांचे ऑनलाइन शिक्षण आणि पारंपरिक शिक्षण ह्यांची तुलना केली होती. ज्ञान, कौशल्य, वर्तन आणि रुग्णांवरील परिणाम ह्यांत फारसा फरक नसावा, असा तिचा निष्कर्ष. हा निष्कर्ष ऑनलाइन शिक्षणाच्या बाजूने वाचावा की दोन्ही पद्धतींच्या विरुद्ध, हे वाचकांनीच ठरवावे. मी तो दुसऱ्या प्रकारे वाचतो.

आता ज्या भागाविषयी आपण भाषाभ्यासक काही सांगू शकतो, तिकडे वळू. मार्गदर्शिकेचा आरंभ 'विचारा' ह्या शब्दाने होतो, आणि विचारणे बोलीत होते. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलींचे नमुने ध्वनिमुद्रित करण्याच्या निमित्ताने मी काही सकाळी बसलो होतो. तेथील तरुण वैद्यकीय अधिकारी बाईंनी ऑनलाइन शिक्षणक्रम पूर्ण केलेला होता, आणि त्या तक्ता भिंतीवर लावून कामही मनापासून करीत होत्या. आठ-नऊ महिन्यांच्या मुलाला घेऊन आई व आजी आल्या. 'ताई, बाळाला श्वास घ्यायला त्रास होतो का?' 'नाही मॅडम.' 'दम लागतो?' 'नाही, खोकलाच आहे नुसता.' चिठ्ठी लिहावयास घेतली, तेव्हा आजी म्हणाली, 'पोट लई उडतंय बघा रातीपासनं.' डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले, अंगडे वर केले आणि घड्याळ लावून मोजणी केली. अठ्ठावन्न. प्रश्न चुकीचा नव्हता आणि उत्तरही खोटे नव्हते. 'त्रास' आणि 'दम' हे शब्द आईच्या दृष्टीने मोठ्या माणसांचे. चढ चढल्यावर लागतो तो दम. निजलेल्या बाळाला तो कसा लागेल?

हिंदी भाषी प्रदेशात ह्याच अवस्थेला 'पसली चलना' म्हणतात, आणि तो प्रयोग तेथील आरोग्य-कार्यकर्त्यांच्या तोंडी रुळलेला आहे. मराठीत असा एकच सर्वमान्य प्रयोग नाही. कोठे पोट उडते, कोठे धाप लागते, कोठे छाती भात्यासारखी चालते. 'घरघर' मात्र निराळी. तो आवाज आहे, गती नव्हे, आणि साध्या सर्दीतही तो येतो. आईच्या दृष्टीने घरघर भयंकर आणि पोट उडणे किरकोळ असू शकते. मार्गदर्शिकेच्या दृष्टीने क्रम नेमका उलटा आहे. 'टाळू खोल गेली' ही तक्रार जुलाबात आया आवर्जून सांगतात; शुष्कतेच्या तक्त्यात टाळूला स्थानच नाही, डोळे, तहान, चैतन्य आणि कातडीचा चिमटा ह्यांनाच आहे. म्हणजे दोन वर्गीकरणे समोरासमोर उभी आहेत, एक आईचे आणि एक तक्त्याचे. डॉक्टराचे काम केवळ शब्दाला प्रतिशब्द लावण्याचे नाही. एका व्यवस्थेतील पद दुसऱ्या व्यवस्थेत कोठे बसते, की बसतच नाही, हे त्याला ठरवावे लागते.

'सुस्त' ह्या शब्दाची गोष्ट अशीच. मूळ इंग्रजी शब्दाची मार्गदर्शिकेतील व्याख्या काटेकोर आहे: जागे व सावध असावयास हवे तेव्हा मूल तसे नसते, भोवताली काय चालले आहे ह्यात रस घेत नाही, शून्य दृष्टीने पाहते. मराठीत 'सुस्त' म्हटले की आळशी माणूस किंवा जेवणानंतरची गुंगी डोळ्यांपुढे येते. 'मलूल' अधिक जवळचा, पण साधा ताप आलेले मूलही मलूल होते. 'मान टाकली' हा प्रयोग धोक्याच्या पातळीला पोचतो. त्यात मात्र अतिशयोक्तीचा संभव असतो. अनुवादकाने ह्यांतील कोणता शब्द निवडला, ह्यावर रुग्णालयात जाणाऱ्या मुलांची संख्या बदलू शकते. अशा वेळी कोशात पाहून 'निस्तेजता' लिहून मोकळे होणे, ही आपल्या परिभाषानिर्मितीची जुनी खोड आहे. शासनव्यवहारात तिने फार तर कंटाळा येतो. येथे तिचा परिणाम निराळा होईल.

मार्गदर्शिकेच्या उत्तरार्धात आईला सल्ला कसा द्यावा, ह्याचे जे प्रकरण आहे ते मला तिच्यातील सर्वांत सरस प्रकरण वाटते, आणि ऑनलाइन शिक्षणक्रमांत तेच सर्वांत घाईने उरकले जाते. त्यातील एक सूचना अशी: सांगून झाल्यावर आईला समजले का, हे पाहण्यासाठी 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर येणारा प्रश्न विचारू नये. 'आलं का लक्षात?' ह्या प्रश्नाला आपल्या समाजात एकच सभ्य उत्तर आहे, आणि ते म्हणजे 'हो'. डॉक्टर शिकलेला, खुर्चीवर बसलेला, बाई उभी, मागे रांग. 'नाही' म्हणणे म्हणजे स्वतःचा कमीपणा कबूल करणे आणि डॉक्टरच्या सांगण्यातही खोट काढणे. त्याऐवजी 'पुडी किती पाण्यात घालाल?', 'झिंकची गोळी किती दिवस द्याल?', 'काय दिसलं तर लगेच परत याल?' असे विचारावे. जुलाब थांबले तरी झिंकची गोळी ठरलेल्या मुदतीपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, द्यावयाची असते. मूल बरे दिसू लागताच ती बंद होते, हा नेहमीचा अनुभव. तो प्रश्न विचारल्याखेरीज ही चूक आधी उघडकीस येत नाही. प्रश्नाचे रूप आणि श्रोत्याचा दर्जा ह्यांचा संबंध समाजभाषाविज्ञानात आपण शिकवितो. त्याचे इतके व्यावहारिक उदाहरण वर्गात मला क्वचितच सापडले आहे.

आणखी एक गोष्ट. परिभाषा स्थिर राहत नाही. छाती आत ओढली जाणे हे लक्षण बरीच वर्षे 'गंभीर न्यूमोनिया'चे मानले जात होते आणि असे मूल गुलाबी ओळीत जात असे. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे वर्गीकरण सुधारले. धोक्याचे लक्षण सोबत नसेल तर असे मूल आता नुसत्या 'न्यूमोनिया'त मोडते, आणि त्याला तोंडाने अमॉक्सिसिलिन देऊन घरी उपचार करता येतात. खूण तीच, शब्द तोच, रंग बदलला. देशोदेशींच्या रूपांतरांनी हा बदल निरनिराळ्या वेळी स्वीकारला, त्यामुळे एकाच खुणेचे दोन अर्थ बराच काळ शेजारी शेजारी नांदले. २००८ मध्ये शिकलेला डॉक्टर आणि २०१८ मध्ये शिकलेला डॉक्टर एकाच मुलाविषयी दूरध्वनीवर बोलत असतील, तर त्यांची भाषा एक असूनही संज्ञा एक असतील असे नाही. छापील पुस्तिका भिंतीवर पिवळी पडत राहते; पडद्यावरील शिक्षणक्रम एका दिवसात सुधारता येतो. हे ऑनलाइन रीतीचे मोठे बलस्थान मानले पाहिजे. मात्र सुधारणा झाली हे जुन्या विद्यार्थ्याला कळविण्याची सोय हवी. प्रमाणपत्र मिळाल्यावर त्या पानावर पुन्हा जाण्याचे कारण त्याला सहसा उरत नाही.

महाराष्ट्रात ह्या विषयाचा पाया फार पूर्वी घातला गेला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' ह्या संस्थेने गावातील कार्यकर्त्यांकरवी न्यूमोनियाचे उपचार करून बालमृत्यू कमी करता येतात, हे दाखविले. तो अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी श्वास मोजण्याचे एक साधे साधन केले होते: मिनिटभराची वाळूची घडी आणि सरकविण्याचे मणी. संख्येचे शब्द नसलेल्या माणसाला संख्येचा व्यवहार शिकविण्याचा हा प्रयत्न भाषाभ्यासकाने पाहण्यासारखा आहे. आज डॉक्टरांसाठी होणाऱ्या शिक्षणक्रमांत त्या दर्जाची कल्पकता मातेच्या बोलण्याच्या बाबतीत दिसत नाही. ध्वनिचित्रफितीत मूल दिसते; आई मात्र प्रमाणभाषेत, ठरवून दिलेली वाक्ये बोलते, किंवा बोलतच नाही.

आपल्या विभागाकडे मराठवाडा, कोकण, खानदेश आणि पूर्व विदर्भ येथील बोलींचे ध्वनिमुद्रण आहे. त्यात आजारांविषयीची संभाषणे तुटपुंजी असली तरी आहेत. ती स्वतंत्र काढून, प्रत्येक प्रयोगासमोर वक्त्याला नेमके काय अभिप्रेत होते हे मूल दाखवून किंवा चित्रफीत दाखवून विचारावे, आणि मग तो प्रयोग तक्त्यात कोठे बसतो हे बालरोगतज्ज्ञांसमवेत ठरवावे, असे काम एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधिकेसाठी योग्य आहे. वक्त्यांची संमती आणि त्यांची ओळख गुप्त राखणे ह्या बाबी अर्थातच आधी पाहाव्या लागतील. पहिल्या फेरीसाठी मी आठ प्रयोग निवडले आहेत: पोट उडणे, धाप लागणे, छाती भात्यासारखी चालणे, घरघर, मलूल होणे, मान टाकणे, सगळं काढणे आणि टाळू खोल जाणे. ह्यांतील 'सगळं काढणे' हा मला सर्वांत अवघड वाटतो. मार्गदर्शिकेप्रमाणे पोटात काहीच न ठरणे हे धोक्याचे लक्षण आहे, आणि दोनदा उलटी झालेल्या मुलाविषयीही आई तेच शब्द वापरते.